गंज कुठे नाही, ते आधी पाहा: कोळशाची इस्त्री जलरंगात

माझ्यासमोर टेबलावर बिडाची एक कोळशाची इस्त्री आहे. लांबी २२ सेंटिमीटर, मुठीसकट उंची १९, वजन साडेचार किलोच्या आसपास. ही मी आजवर सहा वेळा रंगवली. पहिल्या तीन चित्रांत आकार बरोबर होता, रंग बरोबर होता, गंजही भरपूर होता, तरी ती इस्त्री कुणी कधी हातात धरली असेल असं वाटत नव्हतं. चौथ्या वेळी मी रंग काढण्याआधी दोन तास नुसती इस्त्री पाहिली आणि टिपणं काढली. तेव्हापासून जुनी वस्तू रंगवण्याची माझी पद्धत बदलली. ती इथे लिहिते आहे.

मी बावीस वर्षं एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढली. त्या कामात एक सवय अंगात मुरते: कुठलाही भाग काढायचा तर तो काय काम करतो हे आधी समजून घ्यायचं. जलरंगातही मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. जुन्या वस्तूचा पृष्ठभाग तिच्या कामाने घडलेला असतो. कुठे हात लागला, कुठे आच लागली, कुठे कपडा घासला, कुठे ओल साचली, हे कळलं की कुठला रंग कुठे द्यायचा ते वस्तूच सांगते.

म्हणून आधी इस्त्री कशी चालायची ते बघू. हा खरं तर नावेच्या आकाराचा लोखंडी डबा. पुढे टोक, मागे सपाट टाच. झाकण मागे बिजागरीवर उघडतं आणि पुढे खिट्टीने बंद होतं. आत पेटते निखारे भरायचे. दोन्ही बाजूंना तळाजवळ भोकांची रांग असते, त्यांतून हवा आत जाते आणि निखारे धगधगत राहतात. झाकणावर दोन खांब, त्यांच्यामध्ये लाकडी मूठ. लाकूड उष्णता हळू वाहून नेतं म्हणून मूठ लाकडाची, आणि आचेपासून दूर राहावी म्हणून ती उंच. विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ साली घेतलं, पण घरोघरी वीज यायला बराच काळ गेला, आणि तोवर जगात अनेक ठिकाणी कपडे निखाऱ्यांवरच कडक होत राहिले.

आता वस्तू हातात घ्या. फोटोवरून सुरुवात करू नका. कॅमेरा गडद भाग एकदम काळे करून टाकतो, आणि या वस्तूची सगळी गंमत त्या गडद भागांतच आहे. इस्त्री उचला, झाकण उघडा, तळ बघा, मुठीवर बोटं ठेवा. मग कागदावर लिहा की गंज कुठे नाही. हा प्रश्न मी मुद्दाम उलटा विचारते. गंज कुठे आहे असं विचारलं की डोळा सगळीकडे गंजच बघतो आणि ब्रशही सगळीकडे तोच फासतो.

माझ्या इस्त्रीवर गंज नाही अशा जागा या. तळाची कड, बोटभर उंचीपर्यंत: ती कपड्यांवर घासून गुळगुळीत झाली आहे, तिथला धातू निळसर राखाडी आहे आणि त्यावर बारीक ओरखडे आहेत. हे ओरखडे जवळजवळ सगळे लांबीच्या दिशेने जातात, कारण इस्त्री पुढे-मागे फिरते. टोकाचा शेंडा: तोही घासलेला, आणि डाव्या बाजूला किंचित चेपलेला. खिट्टीची वरची बाजू: अंगठ्याने दाबून दाबून चकचकीत झालेली. इतकंच.

गंज सगळ्यात दाट कुठे? झाकणाच्या ओठाखाली, बिजागरीच्या सांध्यात, खांबांच्या बुडाशी. म्हणजे जिथे धूळ आणि ओल अडकून राहते आणि हात पोचत नाही तिथे. भोकांच्या आतल्या बाजूलाही, कारण राखेतले क्षार हवेतली ओल धरून ठेवतात. भोकांच्या भोवती मात्र वेगळंच दिसतं. तिथे वर्षानुवर्षं आच लागून लोखंडावर काळपट खवला धरलाय, आणि त्यावर राखेची फिकट झाक आहे. आणि मूठ! मधला भाग तेलकट हातांनी काळा आणि गुळगुळीत, दोन्ही टोकांना जिथे बोटं पोचत नाहीत तिथे लाकडाचा मूळ पिवळट तपकिरी रंग, आणि खालची बाजू आचेने करपलेली. ही मूठ मी पहिल्यांदा उलटी करून बघितली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कुणीतरी इथे रोज तासन् तास हात धरला होता, आणि खालून धग येत होती.

इथे एक कळकळीची विनंती. वस्तू साफ करू नका. माझ्याकडे याआधी एक इस्त्री आली होती, ती मी पॉलिश पेपरने घासून, तेल लावून लखलखीत केली. मग रंगवायला बसले, तर रंगवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळीकडे एकच राखाडी चकाकी. त्याचं मला अजून वाईट वाटतं. मऊ कोरड्या ब्रशने सैल धूळ झटका आणि थांबा.

प्रकाश एकाच बाजूने हवा. मी डावीकडून, थोडा वरून येणारा घेते, कारण मी उजव्या हाताने काम करते आणि हाताची सावली कागदावर पडत नाही. थेट ऊन येत नाही अशी खिडकी उत्तम. नसेल तर एक टेबललॅम्प आणि बाकीचे दिवे बंद. इस्त्री अशी ठेवा की टोक डावीकडे आणि तुमच्या जवळ येईल, आणि लांब बाजू उजवीकडे मागे सरकत जाईल. डोळ्यांची पातळी इतकी वर असू द्या की झाकणाचा पृष्ठभाग नीट दिसेल. मग इस्त्रीच्या भोवती टेबलावर पेन्सिलीने खूण करा आणि खुर्चीच्या पायांशी चिकटपट्टी लावा. हे काम चार-पाच दिवस चालणार आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही चार सेंटिमीटर सरकून बसलात तर भोकांचे सगळे आकार बदललेले दिसतात.

रेखाटन जलरंगाच्या कागदावर थेट करू नका. साध्या कागदावर करा, हवं तेवढं खोडा, मग उतरवून घ्या. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनसारख्या पदार्थाचा सरस दिलेला असतो, त्यामुळे पाणी लगेच शोषलं न जाता वर राहतं. खोडरबराने तो सरस निघतो आणि पुढे वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, दिला की घासलेल्या जागी डाग पडतात. रेखाटनाच्या मागच्या बाजूला २बी पेन्सिल फासा, चांगल्या कागदावर ठेवा आणि टोकदार एच पेन्सिलीने हलक्या हाताने गिरवा. रेघ जेमतेम दिसली पाहिजे.

आकारासाठी आधी यथार्थदर्शनात (पर्स्पेक्टिव्हमध्ये) एक आडवी पेटी काढा. तिच्या तळावर कर्ण काढले की मधला बिंदू मिळतो, त्यातून लांबीच्या दिशेने मध्यरेषा न्या. इस्त्रीचं टोक, खिट्टी, दोन्ही खांब आणि बिजागरीचा मध्य हे सगळं या एका रेषेच्या पातळीत बसतं. बहुतेक चित्रांत मूठ वाकडी बसलेली दिसते ती ही रेषा न काढल्यामुळे. भोकांची रांग काढताना दोन गोष्टी सांभाळा: बाजू जशी मागे सरकते तशी भोकांतली अंतरं कमी होतात, आणि भोकं अरुंद होत जातात. माझ्या इस्त्रीला एका बाजूला सात भोकं आहेत. डावीकडून दुसरं भोक सगळ्यात रुंद दिसतं, कारण बाजूच्या वळणावर ते नेमकं माझ्याकडे तोंड करून आहे. पहिलं टोकाकडे वळल्यामुळे पुन्हा अरुंद. हे डोक्याने ठरवू नका, पेन्सिल डोळ्यासमोर धरून मोजा.

साहित्याबद्दल थोडक्यात. कागद शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम). हॉट प्रेस्ड, म्हणजे गुळगुळीत, कागदावर बारीक तपशील सुरेख येतात, पण गंजाचा खरखरीतपणा मिळवायला कष्ट पडतात. रफ, म्हणजे खरखरीत, कागदाचं उलट. मी दोन्हींच्या मधला, कोल्ड प्रेस्ड वापरते. कागद काही मिनिटं पाण्यात भिजवून, गोंदाच्या कागदी पट्टीने फळीवर ताणून, पूर्ण वाळू देते, म्हणजे पुढे कितीही पाणी दिलं तरी तो फुगत नाही. ब्रश तीन: मोठा गोल १० नंबर, टोक चांगलं असलेला ४ नंबर, आणि एक जुना, केस विस्कटलेला. तो जुना फेकू नका, गंजाचं अर्धं काम तोच करतो.

रंगांवर मात्र सविस्तर बोलायला हवं. काळा रंग पॅलेटवर ठेवूच नका. बीड काळं दिसतं, पण ट्यूबमधला काळा त्यावर फासला की चित्रात भोक पडल्यासारखं होतं. फ्रेंच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा जास्त घेतला की थंड पोलादी राखाडी, तपकिरी जास्त घेतला की उबदार, जळकट. दोन्ही दाट घेतले की इतका गडद रंग मिळतो की काळ्याची आठवणही होत नाही. शिवाय अल्ट्रामरीन दाणेदार बसतो. त्याचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन थांबतात आणि ओतीव लोखंडाचा रवाळ पोत आपोआप उमटतो. थॅलो ब्लू यासाठी चालणार नाही: तो कागदात मुरतो, सपाट बसतो आणि पुसून उजळता येत नाही.

बर्न्ट सिएनाबद्दल मला विशेष माया आहे. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. बर्न्ट सिएनाही लोखंडाचा ऑक्साइड असलेली मातीच, भाजलेली. यलो ऑकर आणि रॉ सिएना यांतल्या पिवळ्या ऑक्साइडमध्ये पाणी बांधलेलं असतं. माती भाजली की ते निघून जातं आणि रंग तांबडा होतो. म्हणजे आपण गंज रंगवतो तेव्हा ब्रशवर अक्षरशः गंजच असतो. याला जोडून यलो ऑकर, रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि जांभळट छटेसाठी एक क्विनॅक्रिडोन रोझ घ्या. अलिझरिन क्रिमसन टाळा, तो उजेडात फिका पडतो. ट्यूबवर लाइटफास्टनेसची, म्हणजे रंग उजेडात किती टिकतो त्याची, श्रेणी लिहिलेली असते; एएसटीएम पद्धतीत ती एक किंवा दोन असेल तोच रंग घ्या. जुन्या वस्तूची नोंद म्हणून चित्र करताय, तर ते पन्नास वर्षांनी तसंच दिसायला हवं.

रंगाला हात लावण्याआधी तळहाताएवढ्या कागदावर फक्त रॉ अंबर घेऊन छायाप्रकाशाचा एक कच्चा आराखडा करा. पाच छटा पुरे, पांढऱ्यापासून सगळ्यात गडदपर्यंत. डोळे किलकिले करून बघा. मला या आराखड्यात दर वेळी एकच गोष्ट नव्याने कळते: इस्त्रीचं झाकण, जे आपल्याला काळं वाटतं, ते प्रकाशात मधल्या छटेचं आहे. खरी गडद छटा फक्त भोकांत, झाकणाच्या ओठाखाली आणि तळ टेबलाला टेकतो त्या चिमटीत आहे. ही तीन ठिकाणं राखून ठेवली तर बाकी सगळ्या इस्त्रीला श्वास घ्यायला जागा मिळते.

आता पहिला वॉश. मुठीखेरीज सगळ्या इस्त्रीवर, पण कुठेच एकसारखा नाही. झाकणावर पातळ अल्ट्रामरीनमध्ये किंचित सिएना, बाजूवर पातळ यलो ऑकर आणि सिएना, टाचेकडे थोडा रोझ. रंग कागदावरच एकमेकांत मिसळू द्या. चकाकीच्या जागा कोऱ्या सोडा: तळाच्या कडेवरची लांब रेघ, खिट्टीचा माथा, झाकणाच्या डाव्या कडेचा तुकडा. मी मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) फक्त तळाच्या रेघेला लावते, कारण ती सलग आणि काटेकोर हवी असते. ते लावायचं तर ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर केस कायमचे चिकटतात, आणि दोन-तीन दिवसांत काढून टाका. कागदावर राहिलं तर घट्ट धरतं.

हा वॉश वाळल्यावर फिका वाटेल. जलरंग वाळताना उजळतोच, तेव्हा ओला असताना थोडा जास्त गडद दिसला पाहिजे. वाळत असताना त्यात पुन्हा पाणी टाकू नका. अर्धवट ओल्या वॉशमध्ये पाण्याचा थेंब पडला की रंग ढकलला जाऊन फुलकोबीच्या कडेसारखा डाग उठतो. गंजाच्या जागी असा डाग मी मुद्दाम पाडते, झाकणावर मात्र तो चालत नाही.

दुसऱ्या थरात घडण आणायची. वरचा पृष्ठभाग, आपल्याकडची बाजू आणि टाचेकडे वळणारा भाग, या तिघांच्या छटा वेगळ्या झाल्या पाहिजेत. बाजूवर राखाडी वॉश टोकाकडून उजवीकडे हळूहळू गडद करत न्या. टेबलाजवळ आल्यावर पुन्हा किंचित उजळ करा: टेबलावरून परतलेला प्रकाश तळाच्या वरच्या पट्ट्यावर पडतो. हा परतलेला प्रकाश मधल्या छटेपेक्षा उजळ कधीच होऊ देऊ नका, नाहीतर लोखंडाची काच होते.

आता गंज. याला मी सबंध एक दिवस देते.

गंज एका रंगाचा नसतो. ताजा गंज नारिंगी आणि भुसभुशीत, जुना गंज तपकिरी, आणि अगदी जुना, दबलेला गंज जांभळट काळा. थर देताना मात्र क्रम उलटा ठेवा: खोलवर असतो तो जुना, वर येतो तो ताजा. झाकणाच्या ओठाखाली आणि खांबांच्या बुडाशी कागद किंचित ओला करा, त्यात सिएना-रोझ-अल्ट्रामरीनचा दाट थेंब सोडा आणि तो वरच्या, स्वच्छ भागाकडे पसरू द्या. ब्रशने ढकलू नका. पाणी जिथे थांबेल तिथे गंज थांबेल, आणि लोखंडावरही ओल अशीच थांबलेली असते. वाळल्यावर दुसरा थर बर्न्ट सिएनाचा, तिसरा सिएना आणि ऑकरचा, प्रत्येक वेळी क्षेत्र थोडं कमी करत. शेवटचा नारिंगी फक्त चार-पाच ठिपक्यांत.

मग पोत. जुना ब्रश घ्या, रंगात बुडवा, फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसा आणि कागदावरून तिरका, हलका ओढा. रंग कागदाच्या उंचवट्यांवरच लागेल. बरेच जण इथे मीठ टाकतात. मी नाही टाकत. मिठाने उठणारी फुलं सगळीकडे सारखीच दिसतात, आणि दोन जागचा गंज कधी सारखा नसतो. दात घासायच्या ब्रशने शिंतोडे उडवण्याचंही तेच. करायचेच असतील तर बाकी चित्रावर कागद झाकून, बोटभर जागेत करा.

शेवटी ४ नंबरच्या टोकाने पंधरा-वीस खड्डे काढा, पण त्यांची सावली नीट समजून. प्रकाश डावीकडून वरून येतोय. खड्ड्यात सावली प्रकाशाच्या बाजूच्या काठाशी पडते, म्हणजे वरती डावीकडे गडद, आणि समोरचा, खालचा उजवा काठ उजळ. पापुद्रा उठलेला असेल तर नेमकं उलट: वरती डावीकडे उजळ, खाली उजवीकडे गडद. एवढं सांभाळलं की खड्डा आत जातो आणि पापुद्रा वर येतो. उलट झालं तर गंजाच्या जागी मसुराचे दाणे चिकटवल्यासारखे दिसतात. माझ्या दुसऱ्या चित्रात नेमकं तेच झालं, आणि का झालं ते कळायला मला वर्ष लागलं. सगळ्या इस्त्रीवर खड्डे काढू नका. जिथे प्रकाश संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात पोत सगळ्यात स्पष्ट दिसतो. भर उजेडात तो विरतो, गडद सावलीत बुडतो.

घासलेल्या कडेला सगळंच वेगळं. खडबडीत पृष्ठभाग प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून गंजाच्या छटा हळूहळू बदलतात. गुळगुळीत धातू तो एकाच दिशेने परत पाठवतो, म्हणून तिथे उजळ आणि गडद एकमेकांना खेटून असतात, मधली छटा फारशी नसते. कोरी रेघ, तिला लागून सरळ निळसर गडद पट्टा, त्याखाली टेबलाच्या रंगाची फिकट पट्टी. सगळे फटकारे लांबीच्या दिशेने, एका दमात. हात थरथरला तर तसंच राहू द्या, दुरुस्त करू नका. दुरुस्त केलेली चकाकी मळते. गंज आणि ही कड शेजारी शेजारी आली की दोघीही खऱ्या वाटायला लागतात.

भोकांत सरळ गडद रंग भरू नका. पत्र्याला जाडी आहे. आपण वरून आणि डावीकडून बघतोय, म्हणून प्रत्येक भोकाच्या खालच्या-उजव्या कडेला आतली जाडी चंद्रकोरीसारखी दिसते, आणि प्रकाशही तिथेच पडतो. ती कोर उजळ सिएनाची ठेवा, मग उरलेल्या जागेत दाट गडद. तोही वरती जास्त गडद आणि खाली किंचित उबदार, कारण आत तळाशी राख आहे आणि ती थोडा प्रकाश परत देते. भोकाच्या भोवती राखेची झाक आणायला, वाळलेल्या रंगावर ओलसर ब्रश दोनदा फिरवून फडक्याने टिपा. अल्ट्रामरीन आणि सिएना दोन्ही सहज उचलले जातात.

मूठ मी शेवटी रंगवते, कारण तिचा मला सगळ्यात जास्त आनंद असतो. आधी सगळ्या मुठीवर यलो ऑकर आणि सिएनाचा ऊबदार वॉश. वाळल्यावर ४ नंबरने लाकडाचे रेषे, पण फक्त टोकांकडे. मध्ये ते हाताच्या तेलाखाली बुजले आहेत. मग मधल्या भागावर रॉ अंबर आणि अल्ट्रामरीनचा पारदर्शक थर, आणि तो वाळू देऊन पुन्हा एकदा. दोन पातळ थरांतून खालचा पिवळा झिरपतो, तेच काम एका दाट थराने होत नाही. लाकडाची चकाकी धातूसारखी टोकदार नसते, तिच्या कडा ओल्या ब्रशने मऊ करा. खालच्या करपलेल्या भागात गडद मिश्रण, त्याची कड वरच्या बाजूला विरलेली. माझ्या इस्त्रीची मूठ एका बाजूला, अंगठा पडतो तिथे, किंचित झिजून खोलगट झाली आहे. ती खोली काढताना मी घाई करत नाही.

सावली दोन भागांत. तळ आणि टेबल जिथे भेटतात तिथे केसाएवढी गडद रेघ. तिच्यामुळेच साडेचार किलो टेबलावर बसतात. मग उजवीकडे पसरणारी सावली: एका वॉशमध्ये, अल्ट्रामरीन जास्त, इस्त्रीजवळ काटेकोर आणि दूर जाताना मऊ आणि फिकी. मुठीच्या खालच्या मोकळ्या जागेतून प्रकाश जातो, तेव्हा सावलीतही मुठीचा कमानीसारखा उजळ तुकडा येतो. तो बरेच जण विसरतात.

पार्श्वभूमी मी कोरी ठेवते. अमेरिकेत १९३५ ते १९४२ या मंदीच्या काळात ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ नावाची सरकारी योजना होती; तीत चित्रकारांनी जुन्या रोजच्या वस्तूंची, म्हणजे खेळणी, रजया, कुलपं, भांडी, हत्यारं यांची सुमारे अठरा हजार चित्रं केली, बहुतेक जलरंगात. ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत. त्यांतल्या बऱ्याच चित्रांत वस्तू कोऱ्या कागदावर एकटी, फक्त स्वतःच्या सावलीसह उभी असते. मी ती पडद्यावर मोठी करून तासन् तास बघते. एका साध्या लोखंडी वस्तूकडे इतक्या आदराने बघता येतं हे मी तिथे शिकले.

शेवटचे दोन-चार स्पर्श. ओरखड्यांसाठी कागद पूर्ण वाळल्यावर ब्लेडच्या टोकाने, लांबीच्या दिशेने, अगदी हलकं खरवडा. त्यानंतर त्या जागी पुन्हा रंग देऊ नका, तो पसरेल. पांढऱ्या गॉशबद्दल, म्हणजे अपारदर्शक जलरंगाबद्दल, काही जलरंगकार फार कडक असतात. मी नाही. जर्मन चित्रकार ड्युररने १५०२ च्या त्या सशाच्या चित्रात पारदर्शक रंगांसोबत अपारदर्शक रंगही वापरलाच होता. खिट्टीवरचा एक ठिपका आणि बिजागरीच्या खिळ्यावरचा एक, एवढ्यासाठी मी तो घेते.

चित्र दोन मीटरवर उभं करा, शेजारी इस्त्री ठेवा, आणि फक्त छटा तपासा. माझ्या अनुभवात नव्वद टक्के वेळा कमी पडलेली असते ती ओठाखालची गडद रेघ. ती द्या. आणखी पोत घालावासा वाटला तर ब्रश धुऊन ठेवा आणि सकाळी बघा.

फळीवरून कागद कापून काढल्यावर मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा: वस्तू, तिची मापं, वजन, प्रकाश कुठून होता, कुठले रंग वापरले, तारीख. आणि वापराच्या खुणाही, शब्दांत. माझ्या सहाव्या चित्राच्या मागे लिहिलंय: ‘मूठ अंगठ्याच्या जागी दीड मिलिमीटर झिजलेली. खाली करपलेली. टोक डावीकडे चेपलेलं, बहुधा पडली असावी.’ फ्रेम करताना माउंट, म्हणजे चित्राभोवती पुठ्ठ्याची चौकट, लावा, म्हणजे काच रंगाला टेकत नाही, आणि जिथे ऊन येतं त्या भिंतीवर टांगू नका.